दादरचं मुलांच्या कपड्यांचं दुकान : शिलाई चांगली, पण मुलीच्या पॅंटला खिसा नाही

नातवंडांचा वाढदिवस दिवाळीच्या आधी पंधरा दिवस येतो, म्हणून दोन्हीची खरेदी आम्ही एकदमच उरकतो. जुळी आहेत, एक मुलगी, एक मुलगा. घरात चिमी आणि बंटी म्हणतो, इथेही तेच लिहिते. यंदा दोघांना सहा पूर्ण झाली. उंचीला चिमी बोटभर जास्त, बाकी वजन, अंगलोट सगळं सारखं. या वयात मुलगा-मुलगीच्या अंगात तसा फरक नसतोच. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

दुकान दादर पश्चिमेला, स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटांवर. तीन मजले आणि तळमजला. नाव लिहीत नाही. मला जे खुपलं ते या एका दुकानापुरतं नाही. रानडे रोडला जा, हिंदमाताला जा, मांडणी थोड्याफार फरकाने हीच असते.

मी बावीस वर्षं लोअर परळच्या एका गारमेंट युनिटमध्ये चेकिंगला होते. सगळा लहान मुलांचा माल. तयार पीस उलटा करायचा, शिवण ओढून बघायची, माप लावायचं, ऑल्टर, म्हणजे शिलाईतली चूक, निघालं की खडूने खूण करून परत मशीनवर पाठवायचा. आता लालबागला घरीच शिवणकाम करते. पण सवय ती सवय, कपडा हातात आला की मी आधी तो उलटा करते. त्यामुळे रंग-बिंग नंतर, आधी माल कसा आहे ते सांगते.

तळमजला तान्ह्या बाळांचा आणि सगळ्या दुकानात तोच मला सगळ्यात आवडला. झबली, टोपडी, लंगोट, दुपटी. पांढरी, पिवळी, पोपटी, फिकट केशरी. कापड मऊ मलमल, बटणाच्या जागी बंद, आणि झबल्याची शिवण बाहेरच्या अंगाला घेतलेली, म्हणजे बाळाच्या कातडीला घासत नाही. असं शिवणारे फार थोडे. एका काखेत मी बोट घालून बघितलं, एक धागा टोचला नाही.

तिथल्या काउंटरवरच्या बाईंना विचारलं, इथे गुलाबी आणि निळ्याचा ढीग कसा नाही? त्या म्हणाल्या, "ताई, लोक बाळंतपणाच्या आधी येतात. मुलगा की मुलगी कुणाला ठाऊक असतं?" मला हे एकदम पटलं. पोटातल्या बाळाचं लिंग सांगायला आपल्याकडे बंदी आहे. महाराष्ट्राने देशात सगळ्यात आधी, १९८८ साली, हा कायदा केला. १९९४ साली सगळ्या देशासाठी झाला. मुली जगाव्यात म्हणून तो आला. पण त्याच्यामुळे आणखी एक चांगली गोष्ट झाली असं मला त्या काउंटरपाशी उभं राहून वाटलं. ज्या बाळाबद्दल काही ठाऊक नाही त्याच्यासाठी माणसं फक्त मऊ आणि सुटसुटीत कपडा बघतात. पुढे बाळ दोन वर्षांचं झालं की त्याच घरातली माणसं जिना चढतात आणि दोन वेगळ्या मजल्यांवर जातात.

पहिला मजला मुलींचा, दुसरा मुलांचा. बरोबर जुळी असली की आजीने गुडघे धरून चार वेळा वर-खाली करायचं. लिफ्ट त्या दिवशी बंद होती. पण जिन्याचं दुखणं एक वेळ सोडून देईन.

बंटीसाठी आधी दुसऱ्या मजल्यावर गेलो. तिथे एका टी-शर्टावर जेसीबीचं मोठं पिवळं चित्र होतं. आमच्या चाळीसमोर रस्ता खोदलाय. शाळेला जाताना चिमी रोज तिथे थांबते, खोरं कसं वर जातं, माती कशी ओतली जाते ते बघते, आणि मी हात धरून ओढेपर्यंत हलत नाही. तिने तो टी-शर्ट हँगरवरून काढला आणि पोटाशी धरला. माल दाखवणारा मुलगा हसून म्हणाला, "बेबी, ते बॉईजचं आहे. तुझे खाली आहेत, युनिकॉर्नवाले." वाईट हेतू नव्हता, चांगला बोलला. चिमीने काही म्हटलं नाही. टी-शर्ट परत हँगरवर घालायला लागली. खांदा नीट बसेना म्हणून दोनदा घातला, मग हात पाठीमागे घेऊन उभी राहिली. मी तो टी-शर्ट घेतलाच. पण दिवसभर तिने तो घालायला मागितला नाही, आणि घरी आल्यावर मला विचारलं, "आजी, हा बंटीचा आहे का?"

या एका वाक्यासाठी मी हे लिहायला बसले आहे.

आता मापं. दोन्ही मजल्यांवरून एकाच साइझचे, लेबलवर ६-७ लिहिलेले कपडे घेतले आणि घरी टेप लावून बसले. मुलाची कॉटन पॅंट ₹६९९. दोन साइड पॉकेट, साडेपाच इंच खोल, मागे एक पॅच पॉकेट, खिशाच्या तोंडाला बारटॅक, म्हणजे उसवू नये म्हणून मारलेला दाट टाका, गुडघ्याला दुहेरी कापड. मुलीची पॅंट ₹७४९, म्हणजे पन्नास रुपये जास्त. खिशाच्या जागी नुसती तिरपी शिलाई मारलेली. लांबून खिसा वाटतो, बोट घालायला जा, आत काही नाही. मागचे दोन खिसे तसेच, फ्लॅप आहे, खाली बंद. कापड पातळ, लायक्रा घातलेलं, गुडघ्याला काही नाही. फुलपाखराची एम्ब्रॉयडरी मात्र आहे. पन्नास रुपये तिचे.

हाफ पॅंट बघा. मुलाची मांडीच्या आतून पाच इंच, मुलीची दोन. टी-शर्ट : मुलाचा सपाट ठेवून छाती साडेतेरा, लांबी अठरा, मुलीचा छाती बारा, लांबी सोळा, आणि बाही टोपीएवढी. लेबल दोन्हीवर तेच, ६-७. चिमीने तो टी-शर्ट घालून हात वर केले की पोट उघडं पडतं. झोपाळ्यावर, लोखंडी शिडीवर, पकडापकडीत हात वर जाणारच. मग आपणच म्हणतो, मुली कशा, एका जागी बसतात, चित्र काढत बसतात.

खिसा कुठे जातो ते मला माहीत आहे, कारण तो जाताना मी बघितलाय. एका पॅंटला किती कापड लागतं त्याला आमच्यात ॲव्हरेज म्हणतात. दोन साइड पॉकेट म्हणजे आतलं पॉकेटिंगचं कापड, खिशाच्या तोंडाला आतून लागणारे फेसिंगचे तुकडे, ओव्हरलॉक, वरची शिलाई, चार बारटॅक. त्यात कापडही गेलं आणि कारागिराची मिनिटंही. बायर, म्हणजे माल घेणारा, म्हणायचा रेट कमी करा. मग टेबलावर सॅम्पल ठेवून बसायचं, काय काढता येईल? मुलाच्या पॅंटचा खिसा काढायचं कुणी बोललेलं मी बावीस वर्षांत ऐकलं नाही. मुलीच्या पॅंटवर पहिलं बोट खिशावर जायचं. "गर्ल्सला कशाला, फिटिंग बिघडतं." सहा वर्षांच्या मुलीचं फिटिंग! मी तेव्हा चेकिंगच्या टेबलावर उभी होते आणि गप्प होते, तो बोलायचा माझा हुद्दा नव्हता. आता कुणाच्या हुद्द्याचा प्रश्न नाही, म्हणून लिहिते आहे.

दुसरं कारण त्याहून साधं. मजले वेगळे, रंग वेगळे, चित्रं वेगळी असली की ताईचे कपडे दादाला आणि दादाचे ताईला जात नाहीत. पूर्वी एका झबल्यात तीन-तीन पोरं वाढायची. आता प्रत्येकाचं नवीन घ्यावं लागतं, आणि त्यात दुकानाचा धंदा आहे. धंदा करावा, माझं त्याला काही म्हणणं नाही, माझंही पोट कपड्यांवरच भरलं. पण त्याला मुलीची आवड, मुलाची आवड असं नाव देऊ नये.

आणि गुलाबी मुलींचा, निळा मुलांचा, हे आपल्याकडे कधीपासून? लालबागच्या मिरवणुकीत ढोल वाजवणाऱ्यांचे फेटे बघा. लग्नातल्या वऱ्हाडाचे फेटे बघा. गुलाबीच. संक्रांतीला बोरन्हाणात मुलगा असो की मुलगी, काळंच घालतो आणि हलव्याचे दागिने दोघांना चढवतो. लेकीने मला वाचून दाखवलं की अमेरिकेत जून १९१८ मध्ये लहान मुलांच्या कपड्यांच्या व्यापाराच्या एका मासिकाने चक्क लिहिलं होतं, गुलाबी भडक आणि जोरकस म्हणून मुलांना, निळा नाजूक म्हणून मुलींना. म्हणजे जिथून हे आपल्याकडे आलं, तिथेही ते पक्कं नव्हतं.

बंटीचं सांगायचं राहिलं, आणि ते मला चिमीपेक्षा अवघड जातं. त्याला पहिल्या मजल्यावरचा एक जांभळा टी-शर्ट आवडला. त्यावर त्या उलटसुलट होणाऱ्या टिकल्या असतात ना, हात फिरवला की एका बाजूने चंदेरी, दुसऱ्या बाजूने जांभळ्या. पंधरा मिनिटं तो हँगरसमोर उभा राहून वर-खाली हात फिरवत होता. चिमीला जेसीबी घेताना घरात कुणी काही बोललं नाही, उलट कौतुकच झालं. बंटीचा टी-शर्ट पिशवीतून निघाला आणि जावई म्हणाले, "आई, हा परत करा. शाळेत पोरं हसतील त्याला." जावई प्रेमळ माणूस आहे, पोरांची वेणीफणी, डबा, सगळं करतो. त्याला पोराच्या हसं होण्याचीच भीती होती आणि ती खोटी म्हणता येणार नाही.

मी कपाटातून ह्यांचा फोटो काढून आणला. दोन वर्षांचे असतानाचा, स्टुडिओतला. अंगात झालरीचा फ्रॉक, दोन वेण्या, त्यावर मोगऱ्याचा गजरा, गालाला काजळाची तीट. जावळ काढायच्या आधी मुलाला असं सजवून फोटो काढायची हौस तेव्हा घरोघरी होती. तुमच्याही आजोबांचा असा एखादा फोटो ट्रंकेत सापडेल. पुढे ह्यांनी तीस वर्षं गिरणीत आणि गोदीत ओझी उचलली. फ्रॉकने त्यांचं काही कमी झालं नाही. जावयांनी फोटो बराच वेळ हातात धरला. टी-शर्ट घरात राहिला आहे. बंटी तो घरात घालतो, खाली खेळायला जाताना स्वतःच बदलतो. त्याला कुणी सांगितलेलं नाही. मी रोज ते बघते आणि मला फार वाईट वाटतं.

तिसरा मजला खेळण्यांचा. दुकानाचं एक मनापासून कौतुक, मी उचललेल्या प्रत्येक खोक्यावर आयएसआय मार्क होता. १ जानेवारी २०२१ पासून तो सक्तीचा आहे. क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रहमान स्ट्रीटला खेळणी स्वस्त मिळतात, मीही जाते, पण तिथे सुटं खेळणं घेताना मार्क शोधावा लागतो. इथे ती काळजी नाही.

चित्रांची काळजी मात्र आहे. स्वयंपाकाचा सेट गुलाबी, खोक्यावर मुलगी. हत्यारांचा सेट निळा, खोक्यावर मुलगा. डॉक्टरचा सेट दोन रंगांत, आत तोच स्टेथोस्कोप, तीच सुई; पण निळ्या खोक्यावर पांढरा कोट घातलेला मुलगा आणि गुलाबी खोक्यावर नर्सची टोपी घातलेली मुलगी. कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली डॉक्टर झाल्या होत्या. आगगाडीच्या खोक्यावर तर चार मुलगे, मुलगी एकही नाही. त्या दुकानातून बाहेर पडलं की दादर स्टेशन आहे. साताऱ्याच्या सुरेखा यादव २०२५ पर्यंत मध्य रेल्वेत होत्या, त्यांनी लोकल चालवली, घाटात इंजिन चालवलं, आणि मार्च २०२३ मध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत आणली. चिमीला मी हे खोक्यासमोर उभं राहून सांगितलं. तिने विचारलं, "मग तिचं चित्र का नाही?"

आणि स्वयंपाकाचं म्हणाल तर मुंबईत पोराला रोज रस्त्यावर कोण दिसतं? वडे तळणारा पुरुष, डोसा पसरणारा पुरुष, पावभाजी परतणारा पुरुष. बंटीला वड्याच्या गाडीवरचा झारा फार आवडतो, तेल कसं झटकतात ते तो हाताने करून दाखवतो. त्याच्या वाट्याला खोक्यावर स्क्रूड्रायव्हर. शेजारच्या मुलीला मी दुसरीचा अभ्यास घ्यायचे, तेव्हा बालभारतीच्या पुस्तकात आई आणि बाबा मांडीला मांडी लावून भाजी निवडतायत असं चित्र होतं. २०१९ साली त्यांनी मुद्दाम तशी चित्रं घातली. सरकारी पुस्तकाला सुचलं, मग रंगीत खोकी छापणाऱ्यांना का सुचू नये?

एका कोपऱ्यात, अगदी खालच्या फळीवर, सावंतवाडीची लाकडी भातुकली होती. लाखेच्या रंगाची, लाल-पिवळी-हिरवी, चूल, पोळपाट, जातं, कळशी. वेतासारखी विणलेली टोपली, झाकण आहे, आणि वर कुणाचं चित्र नाही. ₹६५०. ती घेतली. आमच्याकडे आता बंटी चहा करतो आणि चिमी जात्यावर माती दळते, चाळीसमोरच्या खड्ड्यातली. या दुकानातून दोनच गोष्टी घ्यायच्या असतील तर तळमजल्यावरची झबली आणि ही भातुकली, पैसे वसूल.

कर्मचारी सगळे नम्र. फक्त एक गोष्ट नजरेला आली ती लिहिते. माल दाखवणारे मुलगे पॅंट-शर्टात, त्यांचा टेप, पेन, फोन खिशात. मुलींना दुकानाने दिलेल्या गणवेशाचा कुडता-लेगिंग, खिसा कुठेच नाही. पहिल्या मजल्यावरची मुलगी दिवसभर फोन एका हातात धरून दुसऱ्या हाताने फ्रॉक उघडून दाखवत होती, पेन केसांत खोचलेलं. मी तिला म्हटलं, "अगं, कुडत्याला साइड पॉकेट लावून घे, आण माझ्याकडे, मी लावून देते." ती म्हणाली, "मावशी, गणवेशात बदल चालत नाही."

पंधरा दिवसांत बदलून देतात, बिल आणि टॅग लागतो. मी बाराव्या दिवशी चिमीची पॅंट घेऊन गेले. खरं तर खिसा मी घरी लावला असता; चिमीच्या जुन्या दोन पॅंटना पॉपलिनच्या चिंध्यांचे लावलेत, एकाला वीस मिनिटंही लागत नाहीत. पण ही मुद्दाम परत नेली. मॅनेजर समोरच होते. त्यांना म्हटलं, मजले साइझवर करा. पाच-सहा वर्षांचे सगळे कपडे एकत्र लावा, ज्याला जे हवं ते घेऊ दे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात मोठ्या दुकानांना १ जानेवारी २०२४ पासून कायद्यानेच खेळण्यांचा एक सामाईक भाग ठेवावा लागतो. तुम्ही कायद्याशिवाय करा. ते म्हणाले, "आजी, मांडणी मालक ठरवतात. आणि गिऱ्हाईकच येऊन विचारतं, मुलींचं कुठे, मुलांचं कुठे." ते खरंच आहे. मीही गेल्या वर्षापर्यंत तसंच विचारत होते.

पाचापैकी तारे द्यायचे तर तळमजल्याला पाच, दुसऱ्या मजल्याला चार, पहिल्याला दोन, आणि त्यातला एक तिथल्या त्या मुलीला. खेळण्यांना तीन. शनिवारी-रविवारी जाऊ नका, ट्रायल रूमला रांग असते. टेप बरोबर न्या, आणि मुलीची पॅंट घेताना खिशात हात घालून बघा, नुसती बघून घेऊ नका.

बदलायच्या काउंटरवर एक वही असते, तारीख, बिल नंबर, वस्तू, कारण. वर सगळीकडे कारणाच्या रकान्यात साइझ, साइझ, रंग, साइझ. पोरगा पेन टेकवून म्हणाला, "साइझ ना?"

"नाही," मी म्हटलं, "खिसा नाही, असं लिही."

त्याने पॅंट हातात घेतली, बोट घालून बघितलं, दुसऱ्या बाजूनेही बघितलं, आणि लिहिलं.